बिऱ्हाडाची जागा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. घर बांधणाऱ्याच्या खटाटोपाची दखल या म्हणीने घेतली. परंतु ज्याला दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करावे लागते त्याच्या वाट्याला मात्र विंचवाची उपमा आली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे म्हणून लोक मोकळे झाले. वास्तविक परवडेल अशा भाड्यात राहण्याजोगी जागा मिळविणे हे घर बांधण्याइतकेच जिकिरीचे काम आहे. बांधणाऱ्याला ते आयुष्यात एकदा करावे लागते. भाडेकरूवर तो प्रसंग पुनःपुन्हा येतो.

उन्हाळ्याची सुट्टी सरत आली, की धारवाडच्या मळमड्डी भागात हा प्रसंग दारोदार पाहावयास मिळतो. कन्नडात मड्डी म्हणजे माळाची टणक, उंचवट्याची जमीन. या भागाला रेल्वे स्टेशन जवळ, कर्नाटक एज्युकेशन बोर्डाची शाळा हाकेच्या अंतरावर आणि बाजारही फार दूर नाही. त्यामुळे बदलीवर आलेले नोकरदार, निवृत्तीनंतर गावी परतलेले वृद्ध आणि मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून आलेली कुटुंबे या सर्वांची नजर येथील घरांकडे वळते. धारवाड हे मुळातच विद्येसाठी माणसांना बोलावून घेणारे गाव. १९१७ साली येथे कर्नाटक कॉलेज निघाले, पुढे विद्यापीठ आले. २०१६ साली आय. आय. टी. सुरू झाली. जी. ए. कुलकर्णींसारख्या मराठी कथाकाराने याच गावातील महाविद्यालयात सुमारे तीन दशके इंग्रजी शिकविले. जेथे विद्यार्थी आणि शिक्षक सतत येत-जात राहतात तेथे भाड्याच्या जागेला मागणी राहणारच.

बेळगावाहून येथे नोकरीसाठी आलेला एखादा शाळामास्तर क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. घरात पत्नी, वृद्ध आई आणि आठवीत जाणारी मुलगी. महिन्याची प्राप्ती, समजा, ३६,००० रुपये. शाळा उघडावयास पंधरा दिवस उरले आहेत आणि सामान अद्याप बेळगावच्या जुन्या जागेत बांधून ठेवलेले आहे. अशा गृहस्थाने आरंभ कोठून करावा?

पहिली गोष्ट ही, की मळमड्डीसारख्या जुन्या वस्तीत रिकाम्या जागेची बातमी बहुधा तोंडोतोंडी फिरते. मोठ्या शहरात जागा जाहिरातींतून व दलालांतून मिळते. येथेही दलाल आहेत, भ्रमणध्वनीवरील जाहिराती आहेत. तथापि जुन्या घरमालकांपैकी कित्येकांना आपली जागा अशी चव्हाट्यावर मांडणे रुचत नाही. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सांगून ठेवतात, दूध घालणाऱ्याला सांगतात, देवळातल्या किंवा शाळेतल्या ओळखीच्या माणसाला सांगतात. फार झाले तर फाटकाला ‘मने बाडिगेगे इदे’, म्हणजे घर भाड्याने देणे आहे, अशी कन्नड पाटी लटकते. म्हणून जागा शोधणाऱ्याने सकाळ-संध्याकाळ पायी हिंडावे. दोन दुकानदार आणि एक दूधवाला यांच्याशी बोलून जी माहिती मिळते, ती दलालाच्या यादीत असतेच असे नाही. दलाल गाठला तर त्याची दलाली किती, आणि ती जागा पसंत पडल्यावर द्यावयाची की केवळ दाखविल्याबद्दल, हे आधी ठरवून घ्यावे.

दुसरी गोष्ट परवडण्याची. भाडे प्राप्तीच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ नये, असा एक ढोबळ नियम आहे. ज्याच्या घरी वृद्ध माणसांचे औषधपाणी आहे त्याने चौथा हिस्साच धरावा. आपल्या मास्तरांच्या बाबतीत ही मर्यादा ९,००० ते १२,००० रुपयांची झाली. आता समजा, त्यांना दोन जागा पसंत पडल्या. मळमड्डीतील एका घराचा मागचा भाग ९,५०० रुपयांना मिळतो, आणि गावाच्या कडेला नव्या वसाहतीत तेवढीच जागा ७,५०० रुपयांना. दोन हजारांची बचत कोणालाही मोह घालील. परंतु कडेच्या जागेतून मुलीला शाळेत पाठवावयाचे तर रिक्षाचे १,२०० रुपये, मास्तरांच्या दुचाकीला पेट्रोलचे अधिक ९०० रुपये आणि उन्हाळ्यात विकत घ्याव्या लागणाऱ्या पाण्याच्या टँकरचा हिस्सा सरासरी ५०० रुपये. बेरीज २,६०० होते. म्हणजे स्वस्त वाटणारी जागा दरमहा सहाशे रुपयांनी महाग पडली, आणि घरातल्यांचा वेळ गेला तो वेगळाच. ज्याची नोकरी हुबळीस आहे त्याचा हिशेब अर्थातच निराळा होईल. २०१८ साली दोन्ही शहरांमध्ये स्वतंत्र मार्गावरून ‘चिगरी’ बसगाड्या धावू लागल्या. त्या माणसाला या मार्गालगतची जागा अधिक सोयीची ठरेल. हिशेब प्रत्येकाने आपला मांडावा, परंतु तो भाड्याच्या एका आकड्यावर थांबवू नये.

जागा पाहावयास जाताना काय पाहावे, हा तिसरा प्रश्न. बहुतेक लोक खोल्या मोजतात आणि फरशीची तकतकी पाहून खूश होतात. धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. जून ते सप्टेंबर येथे नैर्ऋत्येकडून पावसाची झड लागते आणि आठवडाच्या आठवडा कपडे वाळत नाहीत. म्हणून घराची पश्चिमेची व दक्षिणेची भिंत आतून निरखून पाहावी. जमिनीपासून हातभर उंचीवर रंगाचे पोपडे सुटले असतील, पांढरा लोणा फुटला असेल, तर ओल मुरते आहे असे समजावे. मे महिन्यात केवळ तेवढीच भिंत नव्याने रंगविलेली दिसली तर अधिकच सावध व्हावे. दम्याचा विकार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ओलीची खोली म्हणजे वर्षाचे आजारपण. कौलारू घर असेल तर दिवसा दिवा न लावता आत उभे राहून वर पाहावे. ज्या फटीतून उजेड येतो त्या फटीतून पाऊसही येणार. दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या निघालेल्या भेगा, विशेषतः काळ्या मातीवर उभ्या असलेल्या घरात, पाया हलत असल्याची खूण असू शकते. कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते.

नव्या बहुमजली इमारतीत जागा घेताना इमारतीला महानगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे विचारावयास संकोचू नये. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडातच कुमारेश्वरनगर भागात बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि त्यात १९ माणसे दगावली. त्या घटनेनंतर हा प्रश्न कोणी अधिकपणाचा समजू नये.

पाण्याविषयी घरमालकाला विचारण्यापेक्षा शेजाऱ्याला विचारावे. हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी सौंदत्तीजवळच्या जलाशयातून येते. २००८ च्या सुमारास शहराच्या काही मोजक्या प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना यशस्वी झाली आणि देशभर तिची चर्चा झाली. त्याच वेळी लगतच्या प्रभागांत मात्र लोक कित्येक दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वाट पाहत होते. म्हणून एका गल्लीची माहिती दुसऱ्या गल्लीस लागू पडेलच असे नाही. शेजारच्या अंगणात पिंपे किती मांडली आहेत ती मोजावीत; पाण्याची खरी हकीकत त्यांवरून कळते. विजेचा मीटर स्वतंत्र आहे की मालकाच्या मीटरवरून जोड दिली आहे, हेही पाहावे. कर्नाटक सरकारने २०२३ साली घरगुती विजेच्या सवलतीची ‘गृहज्योती’ योजना सुरू केली आणि तीत भाडेकरूंनाही सामावून घेतले. परंतु सवलत मीटरच्या क्रमांकाशी जोडलेली असल्याने, सामाईक मीटरवरच्या बिऱ्हाडाला ती स्वतंत्रपणे मिळणे कठीण जाते.

आता पैशाचा दुसरा भाग, म्हणजे अनामत. बंगळुरात दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची प्रथा प्रसिद्ध आहे आणि तिचे लोण राज्याच्या इतर शहरांतही कमीअधिक पोहोचले आहे. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा जो मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे म्हटले आहे. मात्र हा नमुना आहे. राज्याने तो स्वीकारून आपला कायदा केल्यावाचून तो कोणास बांधत नाही. तरीही घासाघीस करताना भाडेकरूला त्याचा आधार सांगता येतो. अनामत परत केव्हा मिळणार आणि रंगकामासाठी त्यातून किती रक्कम कापली जाणार, याचा खुलासा प्रवेशापूर्वीच व्हावा. जाताना विचारलेल्या प्रश्नाला वजन राहत नाही.

कर्नाटकात ‘भोग्य’ नावाची आणखी एक पद्धत आहे. लोक तिला ‘लीज’ही म्हणतात. घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यावयाची, दरमहा भाडे द्यावयाचे नाही, आणि मुदत संपली की मालकाने संपूर्ण रक्कम परत करावयाची. पाच लाख रुपये दिले आणि त्यावर बँकेत सहा टक्के व्याज मिळाले असते असे धरले, तर वर्षाचे ३०,००० आणि महिन्याचे २,५०० रुपये सुटले. म्हणजे घर तेवढ्या भाड्यात पडले. हिशेब गोड आहे. परंतु मालकाने ती रक्कम मुलीच्या लग्नात किंवा धंद्यात घातलेली असते, आणि परतफेडीच्या वेळी पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत थांबा, असे उत्तर येते. त्याहून वाईट म्हणजे घर आधीच बँकेकडे गहाण असते. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याने घराचा मालकी उतारा पाहावा, दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून त्या मिळकतीवरील नोंदलेल्या बोजाचा दाखला काढावा आणि करार नोंदवून घ्यावा. आयुष्याची शिल्लक केवळ तोंडी शब्दावर दुसऱ्याच्या हाती ठेवू नये.

या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कागद. मळमड्डीत जागा ओळखीने मिळते हे खरे, परंतु ती टिकते ती कागदाने. ‘आपल्यात कागद कशाला’ हे वाक्य ऐकावयास फार आपुलकीचे वाटते. पुढे कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहणाऱ्या कित्येकांच्या संबंधाचा आरंभ याच वाक्याने झालेला असतो.

कायदा काय सांगतो, ते थोडक्यात पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केलेल्या दस्तानेच करावा लागतो. त्याहून कमी मुदतीचा व्यवहार तोंडी बोलून आणि ताबा देऊनही होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा यातूनच पडली. लेखी अट नसेल तर राहत्या घराचा भाडेपट्टा महिन्यामहिन्याचा मानला जातो आणि दोहोंपैकी कोणीही पंधरा दिवसांची सूचना देऊन तो संपवू शकतो. शाळेच्या ऐन परीक्षेच्या दिवसांत अशी सूचना हाती पडली तर कुटुंबाची काय अवस्था होईल, याचा विचार करावा. म्हणून सूचनेची मुदत किमान दोन महिने असावी आणि ती करारात लिहिलेली असावी. भाडे किती, ते दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, घरपट्टी, पाणीपट्टी व वीज यांपैकी काय कोणी भरावयाचे, छप्पर गळले तर दुरुस्ती कोणाची, ही कलमेही तेथेच यावीत. जी दुरुस्ती मालकाने करणे बंधनकारक आहे ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय याच कायद्यात आहे. परंतु दुरुस्ती कोणाकडे हे लिहिलेले नसेल तर त्या सोयीचा उपयोग करणे अवघड होते. करार कन्नडात किंवा इंग्रजीत असेल आणि ती भाषा नीट येत नसेल, तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून तो ओळ न् ओळ वाचवून घ्यावा. भाडे बँकेतून द्यावे. रोख दिल्यास पावती घ्यावी.

कागदाला जितका भाडेकरू कंटाळतो तितकाच घरमालक भितो. वर्षानुवर्षे राहिलेला भाडेकरू घराचा धनी होऊन बसेल, अशी धास्ती पुष्कळांच्या मनात असते. ही भीती अगदीच निराधार उपजलेली नाही. भाडेनियंत्रणाच्या जुन्या कायद्यांखाली ठिकठिकाणी भाडी गोठली, घरे खाली करून घेताना मालकांच्या पिढ्या खर्ची पडल्या, आणि मुंबईसारख्या शहरात पागडीचा व्यवहार बोकाळला. परंतु नियमित भाडे देणारा भाडेकरू हा मालकाच्या संमतीने राहणारा असतो आणि केवळ काळ लोटल्याने तो धनी होत नाही. बारा वर्षांच्या प्रतिकूल ताब्याचा नियम मालकाचा हक्क झुगारून उघडपणे राहणाऱ्यासाठी आहे. संमतीचा उत्तम पुरावा कोणता? सही केलेला भाडेकरार आणि भाड्याच्या पावत्या. म्हणजे ज्या कागदाला मालक भितो तोच त्याचे रक्षण करतो.

या भीतीची किंमत देश केवढी मोजतो, ते २०११ च्या जनगणनेने दाखविले. त्या वर्षी भारतातील शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. एकीकडे कुलुपबंद घरे आणि दुसरीकडे छप्पर शोधीत हिंडणारी माणसे, असा हा विरोध आहे. रिकाम्या घरामागे कारणे अनेक असतात. परंतु घर गेल्यापेक्षा बंद राहिलेले बरे, ही समजूत त्यांपैकी एक आहे. बंद घराची कौले कोणी शाकारीत नाही, परसातली विहीर कोणी उपसत नाही, वाळवी लागलेली कोणाच्या ध्यानात येत नाही. माणूस राहत असले की घरही राहते.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. आपल्या मास्तरांनी एक जागा पाहिली. पुढे ओसरी, मागे परसू, परसात फणसाचे झाड. आईला जिना चढावा लागणार नव्हता. घरच्या आजींनी आपुलकीने बसविले, पाणी दिले. “पाण्याची तक्रार नाही बघा, सर. मुलीची शाळाही जवळ पडेल,” असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी नाव विचारले, आडनाव विचारले, आणि थोडे थांबून, “तुमच्या घरात काय काय शिजवता?” असे विचारले. मास्तरांनी खरे ते सांगितले. “मुलाला विचारून कळविते हां,” असे उत्तर आले. तो निरोप काही आला नाही. असा अनुभव कोणाला धर्मामुळे येतो, कोणाला जातीमुळे, कोणा स्त्रीला ती एकटी आहे म्हणून, तर कोणा विद्यार्थ्याला तो तरुण आहे म्हणून. घटनेचे १५ वे कलम राज्यसंस्थेला धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. स्वतःच्या घराचा मागचा भाग भाड्याने देणाऱ्या गृहस्थाला मात्र ते थेट लागू होत नाही. त्यामुळे हा प्रश्न शेवटी ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर येऊन पडतो.

आपल्या चुलीशी लागून कोणी राहावे, याविषयी वृद्ध माणसाला काळजी वाटणे समजू शकते. ज्या आजींनी पाणी दिले त्या वाईट नव्हत्या. परंतु घरमालकाला खरोखर कोणत्या गोष्टींची खात्री हवी असते? भाडे वेळेवर यावे, घर स्वच्छ राहावे, रात्री-अपरात्री गोंगाट नसावा आणि सांगितलेल्या वेळी जागा परत मिळावी. यांपैकी एकाही गोष्टीचे उत्तर आडनावात सापडत नाही. ते पूर्वीच्या घरमालकाच्या एका पत्रात सापडते, नोकरीच्या दाखल्यात सापडते आणि करारातल्या अटीत सापडते. भाडेकरूनेही आपल्याकडून विश्वासाचा हा पुरावा न मागता पुढे करावा. जुन्या मालकाकडून असे पत्र आणावयाचे, तर जुनी जागा सोडताना भिंतीवरचे खिळे काढून, विजेचे देणे चुकते करून, घर झाडून किल्ली परत द्यावी लागते. पुढच्या जागेचा शोध खरा तेथूनच सुरू होतो.

मास्तरांना अखेरीस जागा मिळाली, ती शाळेतल्या एका शिपायाने दाखविली. दोनच खोल्या, मागे लहानशी न्हाणी, भाडे ९,५०० रुपये. मालक निवृत्त कारकून होते. त्यांनी बेळगावच्या जुन्या मालकाचे पत्र दोनदा वाचले, करार टंकलिखित करून घेतला, आणि ओलीच्या भिंतीला पावसाळ्यापूर्वी गिलावा करून देण्याचे कलम मास्तरांनी सुचविताच ते हाताने लिहून खाली सही केली. “लिहिले म्हणजे विसरायला नको,” एवढेच ते म्हणाले. शाळा उघडली त्या दिवशी मुलगी नव्या घरातून चालत शाळेस गेली आणि म्हातारीने पायरीवर बसून तिला वळणापर्यंत पाहिले. परवडेल अशी जागा शोधणारा प्रत्येक माणूस एवढेच मागत असतो. ते देण्यासाठी घरमालकाच्या खिशातून काही जात नाही. कुलूप मात्र त्यालाच उघडावे लागते.